डोळे उघडे ठेवा

१

फोन तोंड बघून उघडतो, याचं मला पहिले पंधरा दिवस फार कौतुक होतं. सकाळी सातला ओट्यावर माझे दोन्ही हात कणकेत असतात आणि नेमका तेव्हाच मनूच्या बालवाडीचा निरोप येतो. डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनकडे नुसतं वाकून बघायचं, की कुलूप निघालं. हात पुसायला नको, आकडे आठवायला नकोत. नवरा तिसऱ्या हाकेला ओ देतो. हा पहिल्या नजरेला.

मग त्याची थेरं सुरू झाली. ऊन असलं की ओळखत नाही. भाकरी थापताना कपाळाला पीठ लागलं, नाही. रडून डोळे सुजले, नाही. तोंडाला स्कार्फ बांधलेला असला तर अजिबातच नाही, आणि एप्रिल महिन्यात उमरीत स्कार्फ न बांधता बाजारात जाणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. भाजीवाल्यासमोर स्कार्फ सोडायचा, फोनला तोंड दाखवायचं, पुन्हा बांधायचा. फोन मात्र मराठीत, मोठ्या अदबीने सांगणार, ‘चेहरा ओळखता आला नाही.’

एका दुपारी जेवताना मी ही तक्रार घरात मांडली. माझ्या सासूबाई चतुराबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या म्हणाल्या, “मला ह्या घरात चाळीस वर्सं झाली, मला कोन वळकतंय? तुजा फोन तर तीन म्हयन्याचा हाय.”

मी हसले. मनूही हसली, काही न समजता. हसला नाही तो बजरंग, माझा नवरा. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कापसाच्या जिनिंगमधल्या पट्ट्यात सापडून कधीतरी मधोमध फाटलंय, ते दोन तुकड्यांतच वाढतं. त्या अंगठ्याने भाकरी मोडत तो खालच्या मानेने म्हणाला, “लई तरास असंल तर आकडा टाकत जा. तोंडाचा नाद सोड.”

लग्नानंतर स्वतःच्या हाताने हे तोंडाचं कुलूप त्यानेच बसवून दिलं होतं. मी ताक वाढलं.

२

बजरंग आधी माझे दाजी होते. अजूनही माझ्या तोंडी तेच येतं आणि मी गिळते.

माझी थोरली बहीण पूनम. आम्ही शिरूर अनंतपाळच्या. तिला इकडे उमरीला दिली. बजरंग इथल्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ताई गेली. दुपारी एक वाजता मोरीत पाय घसरला, डोकं आपटलं, असं आम्हाला सांगितलं. मी तेव्हा लातूरला एका शिकवणी वर्गात नोकरीला होते. दादासोबत, माहेरची शेवटची साडी घेऊन आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते.

सवाष्ण गेलेली. मळवट मीच भरला. कपाळभर कुंकू लावून झाल्यावर मी तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला, तर ते मिटेनात. पुन्हा फिरवला. पापण्या खाली यायच्या आणि हळूच वर जायच्या. उजव्या पापणीवर दोन बारीक वळ होते, शेजारी शेजारी, तांदळाच्या कणीएवढे वाकडे. पडताना काही लागलं असेल, असं मी धरून चालले. त्या वेळी माणूस काहीही धरून चालतं.

आत्याबाई माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. “लेकीत जीव आडकलाय तिचा,” त्या म्हणाल्या. “म्हनून मिटना गेलेत डोळे.”

झालं, हे एक वाक्य दोन्ही घरांत वर्षभर फिरलं. लेकरू कुणाच्या हाती द्यायचं? मावशीच्या. परकी आणली तर छळील, मावशी मायेची. आई रडली, दादा गप्प बसला, आणि अकरा महिन्यांनी वर्षश्राद्धाच्या आत मी ताईच्या घरात उंबरा ओलांडून आले. ताईचे डोळे मिटले असते तर मी आज लातूरला असते, कुणाच्या तरी चाचणीचे पेपर वाटत.

३

पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. आमच्याकडे चांदीचा असतो, रुपयाएवढा. सोनाराने ठशावर उठवलेली बाई: दोन ठिपके म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे तोंड. नवी साडी आधी त्या टाकाला लावायची, मग आपण नेसायची. नव्या बांगड्या, नवी चप्पल, सणाचा पहिला घास, सगळं आधी थोरलीला. नाहीतर तिचा जीव दुखावतो आणि ती घरात त्रास देते, असं म्हणतात. ज्या बहिणीने मला कडेवर वागवलं तीच माझी सवत, हे गळ्यात घालून फिरायला कसं वाटतं, ते मी सांगत बसत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बजरंगने माझ्यासाठी नवा फोन आणला. खोक्यातून काढला, भाषा मराठी केली, पडद्यावर गोल आला आणि खाली ओळ, ‘चेहरा गोलात धरा.’

“इकडं बग,” तो म्हणाला.

तेवढ्यात आत्याबाई आतून ओरडल्या, “आगं थांब! आधी थोरलीला दाखव की. नवी वस्तू हाय.”

मी काय केलं असेल? जे या घरात प्रत्येक नव्या वस्तूचं करते तेच. फोन हातात घेतला आणि गळ्यातल्या टाकासमोर धरला. पडदा तिच्याकडे, पाठ माझ्याकडे. मनात म्हटलं, ताई, बघ गं. फोन हातात थरथरला. उलटा करून पाहिला तर गोल हिरवा झाला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘चेहरा नोंदवला.’

मला हसू आलं. बाहेर आलेल्या आत्याबाईंनी टाळी वाजवली. “बगा, तिला पसंत पडला!”

बजरंगने फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. “चांदी चकाकती, तुजंच तोंड दिसलं आसंल त्यात,” तो म्हणाला. मग माझी हनुवटी धरून, मान इकडे तिकडे फिरवून त्याने माझा चेहराही नोंदवला. ते फाटकं नख गालाला टोचलं. आधीचा चेहरा पुसला का, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, त्याला सुचलंच असेल.

४

टाक मी फक्त अंघोळीला काढते आणि देवळीत ठेवते. त्या दिवशी, शनिवारी सकाळी, फोनही तिथेच टाकाशेजारी उभा ठेवला होता. न्हाऊन बाहेर आले तर मनू फोनवर गाणी बघत बसलेली.

“कुणी उघडून दिला गं?”

“आईनं,” ती म्हणाली. मान वर न करता.

मनू मला मावशी म्हणते. कितीही शिकवलं तरी मावशीच म्हणते. आत्याबाईंना ती आजी म्हणते, आणि त्या तर सकाळपासून शेतावर होत्या.

मी डोकं चालवलं. मी शिकलेली आहे, निदान तसं समजते. कुलूप आधीच उघडं राहिलं असेल. नाहीतर मनूचाच चेहरा चालला असेल, ती आमच्याच अंगाची आहे. बहिणी-बहिणींचे फोन एकमेकींच्या तोंडाला उघडतात, हे मी लातूरला डोळ्यांनी पाहिलं होतं. मनूसमोर फोन धरला. ‘चेहरा ओळखता आला नाही.’ माझ्यासमोर धरला. ओले केस, तेच उत्तर.

मग मनूला बाहेर पाठवलं आणि दार लावलं. टाक देवळीत टेकवला, फोन त्याच्यासमोर वीतभर अंतरावर ठेवला आणि मी बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मी त्यात दिसायला नको म्हणून. बाहेर कुणाच्या तरी मोटारीचं पाणी पडत होतं, तेवढाच आवाज.

कुलूप निघाल्याचा बारीक खट्ट आवाज आला.

यंत्र स्वस्तातलं आहे, असं मी मोठ्याने म्हणाले. रिकाम्या खोलीत स्वतःला समजावणाऱ्या बाईचा आवाज कसा येतो, ते मला त्या दिवशी कळलं. मी फोन उचलला. पडद्यावर मनूची गाणी नव्हती. माझं आणि ताईचं जुनं बोलणं उघडलेलं होतं, जुन्या फोनमधून या फोनमध्ये आपसूक आलेलं. अगदी तळाला, शेवटच्या निरोपावर.

तीन दिवस मी हा खेळ केला. माझ्या तोंडाने उघडला तर फोन जिथे सोडला होता तिथे उघडायचा. टाकाने उघडला तर दर वेळी तिथेच, त्याच निरोपावर.

५

तो निरोप मला पाठ आहे. त्या दिवशी सकाळी सव्वानऊला ताईचे तीन फोन येऊन गेले होते. माझ्या वर्गात चाचणी चालू होती आणि फोन पर्समध्ये बंद होता. पावणेबाराला मी पाहिलं आणि घाईघाईने लिहिलं, ‘ताई काय झालं? निघू का?’ मिनिटाभरात उत्तर आलं, ‘बरी आहे सुकन्या. काळजी करू नको. येऊ नको.’

मी निर्धास्त झाले आणि डबा खाल्ला. शेपूची भाजी होती. वर्षभर ती भाजी माझ्या घशाखाली उतरली नाही, कारण एक वाजता ताई गेली आणि मी निघाले नव्हते.

या वेळी मात्र मी तो निरोप देवळीसमोर उभी राहून वाचला आणि पहिल्याच ओळीत अडकले. सुकन्या? ताईने मला जन्मात सुकन्या म्हटलं नाही. मी सुके होते, सुकडे होते, लाडात आली तर सुक्कूबाई. आणि ताई लिहायची कधी? तिला लिहायचा कंटाळा. ती आवाज पाठवायची, मागे कुकरची शिटी आणि मनूचं रडणं यांसकट. वर्षभर मी हे रोज वाचलं आणि मला हे दिसलं नाही. दुःखाने माणूस आंधळं होतं म्हणतात, ते खोटं नाही.

आणखी एक आठवलं. ताईच्या फोनलाही हेच तोंडाचं कुलूप होतं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा सांगत होती, “आकडा कोनता म्हनून मागं लागलेत तुजे दाजी. मी न्हाई सांगत. तोंड दाखवलं की उघडतो, आन् तोंड तर माझ्यापशीच ऱ्हातंय.” ती हसली होती. पण नंतर बांगड्या मागे सारून दंडावरचा काळानिळा डाग दाखवला होता आणि लगेच बांगड्या पुढे ओढल्या होत्या. मी म्हटलं होतं, दादाला सांगू का? ती म्हणाली, नको, वाढतं.

तिचा फोन तिच्यानंतर कुणाला सापडला नाही. पाण्यात पडला, असं बजरंगने सांगितलं होतं.

म्हणजे पावणेबाराला तिचा फोन कुणीतरी उघडला. आकडा कुणाला माहीत नव्हता. तोंड तर होतं, पण ते दाखवणारी ती नव्हती. आणि असल्या फोनला नुसतं तोंड पुरत नाही. डोळे मिटलेले असले तर तो उघडत नाही.

मी फोन खाली ठेवला. मोरीत जाऊन तोंड धुतलं, टाक गळ्यात घातला आणि बजरंगचा डबा भरला. राग माणसाला कामाला लावतो. मला पोलीस नको होते, पंच नको होते. एक निरोप, तोही माझ्याच फोनवरचा, कोण ऐकणार? मला फक्त त्याच्या तोंडून हवं होतं: ताई किती वाजता गेली. सव्वानऊला तिने मला हाक मारली होती, तेव्हा ती जिवंत होती. पुढचे अडीच तास त्याने काय केलं, ते मला ऐकायचं होतं. त्याशिवाय त्या घरातून मी मनूला घेऊन हलणार नव्हते.

६

त्याच आठवड्यात बजरंगला फोन ओळखेनासा झाला.

माझा नव्हे, त्याचा. आधी तो चिडला, मग पडदा पुसला, मग दाढी केली. जिनिंगच्या फाटकावर हजेरीचं यंत्र आहे, तेही तोंड बघून हजेरी घेतं. तिसऱ्या दिवशी तो दुपारी बाराला घरी आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

“धा डाव उबा ऱ्हायलो,” तो म्हणाला. “मागं लाइन. समद्याला घेतंय, मलाच घेत न्हाई. डोळे उघडे ठेवा म्हनतंय. आता आनखी किती उघडू?”

“ऊन असंल,” मी म्हणाले. “फोनचंबी तसंच हाय ना तुमच्या?”

“त्येबी तेच म्हनतंय.”

“आकडा टाका की. तोंडाचा नाद सोडा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “आकडाबी चुकीचा म्हनतंय,” तो हळूच म्हणाला. त्याने फोन माझ्यापुढे केला. “तू धर जरा. हात हलला की घेत न्हाई.”

आत्याबाई मनूला घेऊन शेजारी गेल्या होत्या. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं, पत्रा तडतडत होता. तो मधल्या खोलीत स्टुलावर बसला. मी समोर उभी राहिले आणि त्याचा फोन माझ्या छातीशी धरला, टाकाच्या बरोबर खाली.

‘डोळे उघडे ठेवा.’

“उघडेच हायेत की,” तो म्हणाला.

‘डोळे उघडे ठेवा.’

“दाजी,” मी म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंडातून येऊ दिलं. “ताई किती वाजता गेली?”

“एक वाजता. म्हाईत हाय की तुला. कामून इचारतीस?”

फोन पुन्हा तेच म्हणाला. फोनला आवाज नाही, नुसती अक्षरं येतात, हे मला ठाऊक आहे. तरी खोलीत ते ऐकू आलं. त्यालाही आलं असावं, कारण तो दचकला आणि त्याची नजर फोनवरून वर सरकली, माझ्या गळ्याकडे. तिथे थांबली. त्याचं तोंड किंचित उघडलं.

मग त्याने उजवा हात वर नेला. पहिलं बोट भुवईखाली, अंगठा पापणीवर, आणि पापणी वर ताणून धरली. इतक्या सहज, चाचपडल्याशिवाय. हे काम हाताला माहीत असल्यासारखं. माणूस स्वतःची पापणी तशी धरत नाही, समोरच्याची धरतो.

मी फोन हलू दिला नाही. त्याने दुसरी पापणी ताणली. फोन उघडला नाही. पुन्हा पहिली, आणखी जोराने. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. त्या ताणलेल्या बुबुळात मला समोरची बाई दिसली, बारीक, उभी. मी त्या दिवशी कपाळाला नुसती टिकली लावली होती. त्या बाईचं कपाळ पूर्ण भरलेलं होतं, भुवयांपासून केसांपर्यंत.

मी मागे वळून पाहिलं नाही. मला पाहायची गरज नव्हती. मी म्हणाले, “किती वाजता, दाजी?”

माझ्या हातात खट्ट असा आवाज झाला. फोन उघडला होता.

त्याने हात खाली घेतला. उजव्या पापणीवर दोन बारीक वळ उमटले होते, शेजारी शेजारी, तांदळाच्या कणीएवढे वाकडे. ते वळ मी एकदा पाहिले होते. त्यांच्यावरून मी माझ्या हाताने कुंकवाचं बोट फिरवलं होतं.

७

त्याला आता तीन आठवडे झाले. बजरंगच्या पापण्या मिटत नाहीत.

नांदेडच्या डॉक्टरांनी नस म्हटलं, लातूरच्या डॉक्टरांनी दुसरंच काही म्हटलं आणि थेंब लिहून दिले. दर दोन तासांनी थेंब मी घालते. झोपताना ओलं फडकं टाकते. ते सरकलं की तो तसाच पडलेला असतो, छताकडे बघत, आणि त्याला झोप लागलीय की नाही, कळत नाही. आत्याबाईंनी आधी दृष्ट काढली, मग देवाला नवस केला. परवा मात्र त्या बराच वेळ त्याच्या पापणीकडे बघत बसल्या. माझ्या गळ्यातल्या टाकाकडे पाहिलं आणि उठून गेल्या. तेव्हापासून त्या लेकाच्या खोलीत जेवायला बसत नाहीत. मनूला मी कालच दादाकडे शिरूरला पाठवलं. बालवाडीला सुट्ट्या लागल्यात.

फोन आता मला चांगला ओळखतो. उन्हात, पिठात, कशातही.

आज सकाळी टाक चिंचेने घासला. त्यावरच्या बाईचे डोळे दोन ठिपके होते, सोनाराने तसेच दिले होते. आज उजेडात धरून पाहिलं तर ठिपके नाहीत. दोन बारीक आडव्या रेघा आहेत. घासून घासून झिजले असतील, असं कुणीही म्हणेल. मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. या वेळी त्या तशाच राहिल्या.

मग थेंबांची बाटली घेऊन त्याच्या खोलीत गेले. त्याचे डोळे लाल झालेत, कोरडे पडलेत. मला बघून तो पुटपुटला, “सुकन्या, मिटव गं. लई आग व्हायली.”

मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. बाटलीचं झाकण उघडलं नाही.

“मिटतील,” मी म्हणाले. “सव्वानऊपासनं सांगा. ताईनं मला फोन का केलता, तितून सुरू करा.”

त्याची नजर माझ्या गळ्यातल्या टाकावर गेली.

“मोरीत पाय घसरला तिचा,” तो म्हणाला. “एक वाजता.”

“बरं,” मी म्हणाले. बाटली पदराला बांधली आणि उठले. “मग ऱ्हाऊ द्या उघडेच.”